रिकामे पिस्तूल आणि मोजलेली काडतुसे : स्पर्धात्मक नेमबाजीविषयीचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिस्तूल नेमबाजी हा खेळ भारतीयांना आता अनोळखी राहिलेला नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजयकुमारने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवले, २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने हवेच्या पिस्तुलावर दोन कांस्यपदके पटकावली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते आणि त्यांच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेतूनच पिढ्यान्‌पिढ्यांचे नेमबाज राष्ट्रीय पातळीवर पोहोचले आहेत. एवढा इतिहास असूनही, या खेळातील साधन कसे हाताळावे आणि त्याला लागणारी काडतुसे कशी मिळवावीत, मोजावीत व साठवावीत, याविषयी दोन प्रकारचे गैरसमज टिकून आहेत. खेळाबाहेरच्या माणसाचा गैरसमज भीतीतून येतो, तर खेळातल्या माणसाचा सवयीतून येतो. या दोहोंत दुसराच अधिक घातक असल्याने येथे त्यालाच अधिक जागा दिली आहे.

मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, हा जुना आणि अनेक अपघातांच्या मुळाशी असलेला समज होय. मॅगझिन म्हणजे काडतुसे एकावर एक रचून मुठीत किंवा चापासमोरच्या खाचेत बसवली जाणारी पेटी. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटली की पुंगळीवर मागच्या बाजूने पडणाऱ्या दाबामुळे स्लाइड, म्हणजे नळीच्या मागचा सरकता भाग, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधील वरचे काडतूस नळीच्या मागील कप्प्यात, ज्याला चेंबर म्हणतात तेथे, ढकलतो. म्हणून चेंबरमध्ये काडतूस गेल्यानंतर मॅगझिन काढून घेतले तरी ते एक काडतूस जागच्या जागी राहते आणि चाप ओढल्यास बहुतेक पिस्तुलांत सुटतेही. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन काढून मग स्लाइड मागे ओढली, तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडते आणि पिस्तूल खरोखर रिकामे होते. परंतु आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले, तर एक काडतूस टेबलावर पडलेले डोळ्यांना दिसते, मन निश्चिंत होते, आणि तेवढ्यात मॅगझिनमधून वर आलेले दुसरे काडतूस गुपचूप चेंबरमध्ये जाऊन बसलेले असते. दोन्ही क्रमांत हाताच्या हालचाली त्याच आहेत, फरक फक्त कोणती आधी याचा आहे. म्हणूनच स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहणे, शक्य तेथे करंगळीने चाचपणे आणि त्यानंतर भडक नारिंगी रंगाची सुरक्षा-पट्टी चेंबरमध्ये घालणे, ही कृती दरवेळी त्याच क्रमाने करावी लागते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनी ही पट्टी, जिला रेंजवर सेफ्टी फ्लॅग म्हणतात, सक्तीची केली आहे. हवेच्या पिस्तुलासाठी ती नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल इतकी लांब दोरी असावी लागते, जेणेकरून नळीत छर्रा नाही हे दहा पावलांवरूनही कळावे.

याला जोडूनच येणारा समज असा की, अनुभवी नेमबाजाला या कवायतीची गरज उरत नाही आणि नियम मुख्यतः नवशिक्यांसाठी असतात. वास्तवात नवशिक्या घाबरलेला असल्याने सावध असतो, तर ज्याच्या हातून हजारो गोळ्या सुटल्या आहेत त्याचे हात विचाराला न विचारता चालतात. म्हणून ते हात कोणत्या क्रमाने चालतात यावरच सारे अवलंबून राहते. पिस्तूल रिकामे असल्याची पूर्ण खात्री असतानाही जो ते पुन्हा तपासतो, त्याचीच तपासणी खात्री चुकीची ठरेल त्या दिवशी कामी येते. रायफलीच्या तुलनेत पिस्तुलाच्या बाबतीत हे अधिक निकडीचे आहे, कारण २५ मीटर प्रकारातील पिस्तूल ३०० मिलिमीटर लांब, १५० मिलिमीटर उंच आणि ५० मिलिमीटर जाड अशा पेटीत मावले पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ते शाळकरी मुलाच्या फूटपट्टीएवढे लांब असते. लांब नळीची रायफल वळवायला अंग वळवावे लागते, पण पिस्तुलाची दिशा नुसत्या मनगटाने बदलते. शेजारच्याशी बोलायला मान वळवावी आणि मानेबरोबर हात वळावा, एवढ्याने नळी निशाण्यावरून माणसावर येते.

खटका, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, लावला की धोका संपतो, असेही मानले जाते. स्पर्धेच्या काही पिस्तुलांना असा खटका नसतोच. ज्यांना असतो त्यांचाही तो शेवटी झिजणारा एक यांत्रिक भाग आहे. खरा खटका म्हणजे चापाबाहेर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ ठेवलेली तर्जनी. स्पर्धेच्या नियमांनुसार २५ मीटर पिस्तुलाच्या चापाने किमान १००० ग्रॅम आणि हवेच्या पिस्तुलाच्या चापाने किमान ५०० ग्रॅम वजन पेलले पाहिजे. नळी उभी धरून चापाला वजन टांगले जाते आणि चाप न सुटता ते उचलले गेले तरच पिस्तूल तपासणीत उत्तीर्ण होते. हलका चाप हा दोष आहे असे बाहेरच्यांना वाटते, पण तसे नाही, कारण नेम न हलता गोळी सुटावी यासाठीच तो हलका ठेवलेला असतो. मात्र ठेच लागली, तोल गेला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडले, तर या हाताची बोटेही नकळत आवळली जातात, आणि एक किलोचा चाप त्या आवळण्यापुढे काहीच नाही.

ड्राय फायर, म्हणजे काडतुसाविना चाप ओढण्याचा सराव, हा निरुपद्रवी असतो या समजात अर्धे सत्य आहे. नेमबाजाच्या घडणीत या सरावाचा वाटा मोठा आहे आणि त्याला पर्याय नाही. परंतु सराव संपल्यावर काडतुसे भरायची आणि नंतर "आणखी एकदाच" म्हणून चाप ओढायचा, या क्षणी तो निरुपद्रवी राहत नाही. म्हणून हा सराव घरी करताना काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद असावीत आणि रेंजवर तो अधिकाऱ्याच्या परवानगीनेच, ठरल्या जागी व्हावा. शिवाय ०.२२ बोअरच्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि आघाताची पिन त्या कडेवर बसते. चेंबर रिकामे असताना तीच पिन काही पिस्तुलांत थेट चेंबरच्या पोलादी काठावर आदळून तो चेपते. त्यामुळे अशा पिस्तुलात सरावासाठी प्लास्टिकचे बनावट काडतूस किंवा निर्मात्याने दिलेली सोय वापरणे योग्य.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर काडतूस फुसके निघाले असे समजून लगेच स्लाइड ओढणे हीही तशीच चूक होय. क्वचित मसाला उशिरा पेटतो; म्हणून नळी निशाण्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलवावे आणि मगच काडतूस काढावे. याहून गंभीर प्रसंग म्हणजे गोळी सुटल्याचा आवाज नेहमीपेक्षा दबका येणे. अशा वेळी काडतुसात दारू कमी असल्याने किंवा नसल्याने गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गोळी सोडल्यास नळी फुगते वा फाटते. रॅपिड फायर प्रकारात, जेथे पाच गोळ्या आठ, सहा आणि अखेरीस चार सेकंदांत सोडायच्या असतात, तेथे त्या दबक्या आवाजावर थांबण्याची सवय अंगी बाणवणे अवघड असते. तरीही ती बाणवावीच लागते.

आता काडतुसांकडे. एखाद्याच्या घरी काही हजार काडतुसे असल्याचे कळले की समाजाच्या मनात संशय येतो, म्हणून साधा हिशेब मांडणे बरे. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेच्या पात्रता फेरीत ६० गुणपात्र गोळ्या आणि दोन टप्प्यांच्या आरंभी पाच-पाच चाचणी गोळ्या, अशी ७० काडतुसे लागतात. आठवड्यातून चार दिवस एवढाच सराव वर्षाचे ४५ आठवडे केला, तर १२,६०० काडतुसे संपतात, आणि वरच्या पातळीवरचा नेमबाज याहून कमी सराव क्वचितच करतो. भारतीय कायद्याने ही गरज ओळखली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तरी फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना आणि मान्यताप्राप्त नेमबाजांना अधिक शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली व सरावासाठीच्या काडतुसांची वार्षिक मर्यादाही बरीच वाढवली. ही मुभा नेमबाजाचा दर्जा आणि त्याचा प्रकार यांना बांधलेली आहे; परवान्यावर नोंदलेल्या बोअरची आणि नोंदलेल्या संख्येपुरतीच काडतुसे त्याला घेता येतात.

याच ठिकाणी खेळाडूंमधला एक सहज चालणारा व्यवहार तपासावा लागतो. सरावात सोबत्याची काडतुसे संपली म्हणून आपल्यातले एक खोके त्याला नेऊ देणे हे मैत्रीचे वाटते. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ज्याला ती बाळगण्याचा परवाना नाही त्याच्या हाती काडतुसे देणे हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही ती कायद्याने ठरवलेल्या रीतीनेच द्यावी लागतात. घरी काडतुसे भरून बनवण्याची रीत काही देशांत सर्रास आढळते, पण भारतात काडतूस तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्याहून रोजचा प्रश्न विसरलेल्या काडतुसाचा आहे. रेंजवर नेलेली पिशवी घरी न झटकता पुढच्या आठवड्यात विमानप्रवासाला घेतली आणि अस्तराच्या फटीत अडकलेले एकच काडतूस तपासणीच्या यंत्रात दिसले, की प्रवास तेथेच थांबतो आणि पोलिसांत नोंद होते. न्यायालये अशा खटल्यांत ताबा जाणीवपूर्वक होता की नाही हे पाहतात. परंतु तिथवर पोहोचण्याआधी खेळाडूचा हंगाम निघून गेलेला असतो. उपाय एवढाच की रेंजची पिशवी फक्त रेंजसाठीच ठेवावी, आणि खोक्यातून किती निघाली, किती सुटली व किती परत गेली हे त्याच दिवशी वहीत लिहावे. न सुटलेली काडतुसेही या हिशेबात धरावीत आणि ती कचऱ्यात न टाकता रेंजच्या ताब्यात द्यावीत.

महाग काडतुसांनी गुण वाढतात, हा समज बहुधा रायफलवाल्यांकडून पिस्तूलवाल्यांकडे आला असावा. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे तेथे काडतुसांचा एकेक गट नळीशी जुळवून पाहण्यात अर्थ आहे. २५ मीटर पिस्तुलाच्या अचूकतेच्या फेरीत तेच वर्तुळ ५० मिलिमीटरचे आणि वेगाच्या फेरीत १०० मिलिमीटरचे असते. साधे पण चांगले काडतूस त्याच्या आत सहज बसते. पिस्तुलाला हवा असतो तो न अडता चालणारा सारखेपणा. मध्यम वेगाचे, सुमारे २.६ ग्रॅम गोळीचे आणि आवाजाच्या वेगापेक्षा किंचित मंद असे काडतूस धरूनच या पिस्तुलांच्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात, त्यामुळे जास्त वेगाचे काडतूस फायद्याऐवजी नुकसानच करते. बोअरचा आकडा सारखा म्हणून काडतूसही चालेल असेही नाही. ०.२२ मध्येच शॉर्ट, लाँग रायफल आणि मॅग्नम असे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि रॅपिड फायर प्रकारात २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत चालणारे शॉर्ट त्यानंतर नियमांतून गेले. जुन्या साठ्यातले खोके हाती आले तर लेबल दोनदा वाचावे.

साठवणीत कोकण-कोल्हापूरच्या पावसाळ्याइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. हवाबंद डब्यात ओल शोषणारी पुडी घालून, थंड जागी, पिस्तुलापासून वेगळ्या कुलपात काडतुसे ठेवावीत, त्यांना तेल लावू नये, आणि मेणाच्या थराला माती चिकटलेले खाली पडलेले काडतूस नळीत घालू नये.

हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे आहे, हा समज पालकांत विशेष आढळतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या पिस्तुलाचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा साधारण सहा ज्यूल ऊर्जेनेच सुटतो. पण डोळा जायला तेवढी पुरते. त्याच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळजवळ ९० पट. नळकांड्यावर वैधतेची तारीख कोरलेली असते आणि ती पाळण्याची जबाबदारी नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे. छर्रे शिशाचे असल्याने ते हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना जेवणाचा डबा उघडू देऊ नये, आणि ०.२२ पिस्तुलाचा आवाज लहान वाटला तरी तो कानाला इजा करण्याइतका मोठा असल्याने कानांवरचे संरक्षण शेजारी उभ्या असलेल्या पालकानेही घालावे. आणि घरी परतल्यावर मुलाच्या पिस्तुलाची पेटी पालकांनी एकदा उघडून पाहावी, सुरक्षा-दोरी नळीच्या दोन्ही टोकांतून दिसते आहे ना ते तपासावे, आणि नळकांड्यावरची तारीख आजच वाचून घ्यावी.