धागा आखूड, पण दोष कुणाचा?

असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचे माहेर. 1880 मध्ये त्या तिथे जन्मल्या, तेव्हा तापीखोऱ्याच्या काळ्या जमिनीत पिकणारा देशी कापूस बाजारात ‘हलका’ ठरू लागला होता. त्याचा तंतू बोटाच्या एका पेराएवढाही भरत नसे. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली, पण हवा होता लांब धागा. म्हणून त्याच दशकात सरकारी अधिकाऱ्यांनी खानदेशात हिंगणघाटी बियाणे आणवले. तेव्हापासूनच्या दीडशे वर्षांचा हिशेब मांडला, तर वाटते की आपला कापूस नापास झाला तो एकाच प्रकारच्या कातणीच्या परीक्षेत. ती परीक्षा त्याच्यासाठी घेतलेलीच नव्हती.

चरख्यावर पेळू एका हाताच्या चिमटीत असतो, दुसरा हात चाक फिरवतो. चिमटी मागे जाईल तसे चात्याच्या टोकाशी तंतू सुटत जातात आणि पीळ त्यांच्यामागे धावतो. सूत जिथे बारीक, तिथे पीळ आधी बसून ती जागा घट्ट होते. जाड जागा सैल राहते आणि ओढ लागताच तीच पातळ होते. सुताचा सारखेपणा असा पिळातूनच साधतो. तंतू आखूड असेल तर पीळ थोडा जास्त द्यायचा, एवढेच. 1870 च्या दशकात जळगावात गिरणी उभी राहिली, पुढे अमळनेर आणि धुळ्यातही राहिल्या. गिरणीत हेच ओढण्याचे काम रुळांच्या जोड्या करतात. मागची जोडी सावकाश फिरते, पुढची वेगाने, आणि दोहोंतले अंतर तंतूच्या लांबीवर बेतलेले असते. त्याहून आखूड तंतू मागच्या जोडीतून सुटतो आणि पुढच्या जोडीने धरण्याआधी मध्येच तरंगतो. मग सूत जाडबारीक होते, तुटते, आणि दोष कापसाच्या माथी येतो.

आखूड तंतूचे सूत जाडेभरडेच निघणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. ढाक्याची मलमल त्याला उत्तर देते: तीही आखूड धाग्याच्या देशी कापसाचीच, दमट हवेत, कसबी बोटांनी कातलेली. अर्थात त्या सुतामागे अफाट मेहनत होती आणि तेवढ्या मेहनतीवर सगळ्या देशाला कापड पुरणार नाही, हे मान्यच करायला हवे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लांब धाग्याने शेतकऱ्याला जास्त भाव दिला. भाव दिला, हे खरेच. पण शेतकऱ्याचा हिशेब नुसत्या भावावर चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात ‘रोझियम’ जातीचा देशी कापूस पसरला तो धागा आखूड असूनही, कारण त्यात सरकीच्या मानाने रुईचा उतारा जास्त होता. शिवाय देशी झाडाचे मूळ खोल जाते, ते पावसाचा खंड सोसते आणि त्याचे बी घरी राखता येते. संकरित वाणाचे बी दर हंगामाला विकत घ्यावे लागते, आणि 2002 नंतर आलेले बीटी वाण इथे बहुतांशी संकरितच आहेत.

चरख्याचा मार्ग तरी आपण जपला का? 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन याच खानदेशात, फैजपूरला भरले आणि तिथे खादीचे प्रदर्शन मांडले गेले. पण स्वातंत्र्यानंतर आलेल्या अंबर चरख्यात पुन्हा छोटे रूळच बसले; उत्पादन वाढले, आणि त्याबरोबर लांब धाग्याची अट खादीच्या घरातही शिरली. उलट, 1967 च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातून बाजारात आलेल्या रोटर कातणीने रुळांची ती ओढच काढून टाकली. दातेरी रूळ तंतू सुटे करतो, हवेचा झोत त्यांना वेगाने फिरणाऱ्या वाटीत नेतो, वाटीच्या खाचेत ते थरावर थर बसतात आणि तिथेच पीळ घेऊन सूत बाहेर पडते. आखूड तंतू, गिरणीतला उरलासुरला कापूसदेखील त्यात चालतो, आणि वेग गिरणीतल्या रुळांच्या, म्हणजे रिंग कातणीच्या कितीतरी पट. हे सूत मऊ-बारीक कापडाला कमी पडते, पण डेनिम, टॉवेल, चादरी यांना उत्तम.

म्हणजे यंत्र आखूड तंतूला सामावून घेऊ शकत होते. तसे यंत्र येईपर्यंत बियाणे बदलून झाले होते. शंभर वर्षे आपण कापसाला यंत्राच्या मापाने कापत राहिलो. असोद्याच्या शिवारात पुढच्या पेरणीला कोणते बी पडावे, हे ठरवताना भावाच्या बरोबरीने एक प्रश्न तरी विचारला जावा: हा कापूस कशावर कातला जाणार आहे?