भूल देताना स्नायू सैल का करतात?

पोटाची शस्त्रक्रिया करताना रोग्याला झोप लागली की सगळे भागते, असे तुम्हांला वाटत असेल. पण झोपेतही पोटाचे स्नायू ताठ राहू शकतात. घसा आवळलेला असेल, तर श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड. म्हणून रोग्याला भूल लागल्यावर भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारे इंजेक्शन देतात.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीच्या बाणांना 'क्युरारे' हे वनस्पतींचे विष लावीत. १९४२ साली कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनी तेच औषध म्हणून शस्त्रक्रियेत वापरले.

हे घडते कसे? चेतातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते. ते स्नायूवरील ठरावीक जागी बसले की स्नायू आकसतो. क्युरारे ती जागाच अडवून धरते. सक्सिनिलकोलीन हे दुसरे औषध त्याच जागी बसते. स्नायू क्षणभर फडफडतात आणि मग ढिले पडतात. हे औषध सुमारे एका मिनिटात लागू पडते आणि पाच-दहा मिनिटांत त्याचा असर ओसरतो, कारण रक्तातील कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे तुकडे करते. हृदय मात्र चालूच राहते. श्वासाचे स्नायू थांबतात, म्हणून तेवढा वेळ भूलतज्ज्ञ पिशवीने किंवा यंत्राने श्वास देतात.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. जळगाव-धुळ्याकडे कपाशीवर कीटकनाशके फवारतात. त्यांपैकी प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे अंगात गेली, तर ती नेमके हेच विकर निकामी करतात. यकृताला ते नव्याने भरून काढायला काही आठवडे लागू शकतात. समजा, चोपडा किंवा शिरपूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याला फवारणीची बाधा झाली आणि थोड्याच दिवसांत त्याचे अपेंडिक्स काढावे लागले. मग पाच-दहा मिनिटांत ओसरणारे औषध बराच वेळ टिकून राहील. काही घराण्यांत हे विकर जन्मतःच दुबळे असते. त्यांच्यात तर श्वास परतायला काही तास लागू शकतात.

अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. रोग्याला झोपेत ठेवून यंत्राने श्वास देत राहिले की तो पुन्हा आपणहून श्वास घेऊ लागतो. आधी कळले, तर अ‍ॅट्राक्युरियमसारखे, या विकरावर अवलंबून नसलेले औषध निवडता येते.

म्हणून घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली, तर तुम्ही एवढे करा. अलीकडे फवारणी केली होती का, पूर्वी भुलीनंतर घरातल्या कोणाचा श्वास उशिरा परतला होता का, स्नायूंचा काही आजार आहे का, हे भूलतज्ज्ञांना सांगायला लावा. औषधाच्या डब्यावरचे नाव वहीत उतरवून नेलेत, तर फारच उत्तम! दुसऱ्या दिवशी अंग ठणकले, तर तेही सांगावे. सक्सिनिलकोलीननंतर असे पुष्कळदा होते आणि ते दोन-तीन दिवसांत थांबते.