परतीचं भाडं कुठून आणणार?

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत राहून ट्रक घ्यावासा वाटणं साहजिक आहे. गावातच गोकुळ दूध संघाचा महालक्ष्मी पशुखाद्य कारखाना, शेजारी गांधीनगरची घाऊक कापडपेठ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, तिथून जवळच पुणे-बंगळूर महामार्ग. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या गाडीचं स्टेअरिंग धरलेला माणूस हे रोज बघतो आणि म्हणतो, एवढा माल फिरतोय, तर आपल्या एका गाडीला काय कमी पडेल? 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि या विचाराला आणखी बळ मिळालं.

माल फिरतो, हे खरंच आहे. पण गाडी विकणारा गाडीबद्दल बोलतो, फायनान्सवाला हप्त्याबद्दल बोलतो. भाड्याबद्दल दोघंही काही बोलत नाहीत.

आधी हप्ताच बघू. समजा, दहा चाकी गाडीसाठी 28 लाखांचं कर्ज काढलं, व्याज 11 टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे 61 हजार रुपये होतो. वीस ते चाळीस टनांच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा 2022 च्या दराने वर्षाला 43,950 रुपये, त्यावर कर वेगळा. नॅशनल परमिटची वर्षाची फी 16,500. हे सगळं महिन्यावर पसरलं तर 66 हजार, म्हणजे दिवसाला 2,200 रुपये. यात डिझेल नाही, टायर नाहीत, रोड टॅक्स नाही, ड्रायव्हरचा पगारही नाही. गाडी दारात उभी असली तरी हे मीटर चालूच राहतं. म्हणून ट्रकचा हिशेब किलोमीटरवर मांडण्याआधी उभ्या दिवसांवर मांडावा लागतो.

आता पुण्याची एक फेरी धरू. जाऊन-येऊन साधारण 460 किलोमीटर. चारचं ॲव्हरेज आणि नव्वद रुपये लिटर डिझेल धरलं तर दहा हजारांवर रुपये डिझेललाच जातात. शिवाय किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे चार टोलनाके जाताना आणि तेच चार येताना. जाताना कास्टिंग किंवा साखर मिळेल. येताना काय? फाउंड्रीसाठी भंगार मिळालं तर ठीक. नाहीतर ट्रान्सपोर्ट ऑफिससमोर एक-दोन दिवस बसायचं आणि शेवटी पडेल भाड्याला हो म्हणायचं. मोठ्या वाहतूकदाराचं पुण्यात ऑफिस असतं, माणूस असतो, त्याची गाडी खाली व्हायच्या आत पुढचा माल ठरलेला असतो. एकट्या मालकाजवळ असतो फक्त मोबाईल. चालक-मालक असण्याचा फायदा म्हणून ड्रायव्हरचा पगार वाचतो असं सगळे सांगतात. पण तोच माणूस खंबाटकी उतरत असताना पुढचं भाडं कोण शोधणार?

बरं, भाडं ठरलं म्हणून सगळे पैसे लगेच हातात येत नाहीत. काही ॲडव्हान्स मिळतो आणि राहिलेली बाकी पोच दाखवल्यावर. ती कधी सुटेल, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. हप्त्याची तारीख मात्र पक्की. त्यात वराई आहेच. माल चढवण्या-उतरवण्याची हमाली गाडीवाल्याच्या खिशातून का, यावर कोल्हापूरचे लॉरीवाले अनेक वर्षं भांडत आलेत. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही त्यांची घोषणा, आणि माझ्या मते या धंद्याबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोललेलं नाही.

सवलतींचा फायदाही असाच गाडीवाल्याच्या हातात राहत नाही. जुलै 2018 मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि दहा चाकी गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. प्रत्येक गाडीत साडेतीन टन जास्त बसणार म्हणून मालक खूश झाले. पण ते सगळ्यांच्याच गाडीत बसणार होते. माल तेवढाच, जागा जास्त, त्यामुळे भाडी दबली आणि 2019 मध्ये नव्या ट्रकची विक्रीही कोसळली. जीएसटीची कपात तरी एकट्या नव्या मालकाला कुठे मिळाली आहे? शंभर गाड्यांच्या मालकालाही तीच मिळते.

मग गाडी कंपनीला लावावी, हा सुरक्षित मार्ग. महिन्याचं ठरलेलं काम, ठरलेला दर. पण असे ठेके किती मोलाचे असतात, हे या भागाला सांगायला नको. गोकुळच्या 2021 च्या निवडणुकीत दुधाच्या टँकरचे ठेके कुणाकडे, हा प्रचाराचा मुद्दा होता. अशी कामं ओळखीतून आणि जुन्या बैठकीतून मिळतात. तुमची तशी बैठक असेल तर गाडीचा विचार जरूर करा.

उसाचा हंगाम मोह घालतो. चार-पाच महिने कारखान्याचं हक्काचं काम. पण त्यात वाहतूकदाराला तोडणी टोळीही आणावी लागते, मुकादमाला लाखांत उचल द्यावी लागते, आणि टोळी आलीच नाही तर कारखान्याचं देणं वाहतूकदाराच्या नावावर राहतं. कोल्हापूर-सांगलीत अशा फसवणुकीच्या तक्रारी दर हंगामात पोलिसांत जातात. गाडीच्या कर्जावर उचलीचं कर्ज चढलेला माणूस पुढच्या पावसाळ्यात भाड्याची घासाघीस करण्याच्या स्थितीत नसतो.

जुनी गाडी घेतली तर हप्ता हलका होतो, हा मला त्यातल्या त्यात शहाणा मार्ग वाटतो. फक्त आठ वर्षांवरच्या गाडीला पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि त्या आठवड्याचा धंदा बुडतो, तो किमतीत धरून सौदा करावा.

आणि निर्णय दिवाळीनंतरच्या महिन्यांत घेऊ नये. तेव्हा भाडं सगळ्यांनाच मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये चार गाडीवाल्यांना गाठून विचारावं, या महिन्यात गाडी किती दिवस उभी होती आणि मार्चची बाकी मिळाली का. आयकर खातं हे विचारत नाही. दहा किंवा कमी गाड्यांच्या मालकाने वह्या न ठेवता अंदाजी उत्पन्नाची सवलत घेतली, तर 12 टनांवरच्या गाडीला टनामागे महिना हजार रुपये उत्पन्न धरतात. म्हणजे 28.5 टनांची गाडी महिन्याला 28,500 रुपये कमावते, असं सरकारनं गृहीत धरलंय, गाडी चालो किंवा उभी राहो.