एका परिचारिकेकडे किती रोगी?



मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. आमच्या चळवळीतला एक जुना प्रश्न आहे : एका माणसाने किती माग सांभाळायचे? मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली मोठा संप झाला, त्यामागे दोनाऐवजी तीन माग चालवायला लावण्याचा प्रश्नही होता. मागावर दुर्लक्ष झाले तर कापड बिघडते. वॉर्डात दुर्लक्ष झाले तर काय बिघडते, ते आज सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका खाजगी इस्पितळातल्या परिचारिकांनी मला बोलणी करायला बोलावले. रात्रपाळीला एकीकडे बारा-तेरा रोगी. मी व्यवस्थापकांना म्हणालो, "साहेब, हा बोजा माणसाला पेलणारा नाही." ते शांतपणे म्हणाले, "बोजा आहे हे तुम्ही म्हणता. रोग्याचे नुकसान झाले, याचा पुरावा द्या." मी टेबलावर मूठ आपटली आणि रिकाम्या हाताने परत आलो. लाज याची वाटते, की पुरावा तेव्हाही होता. मला ठाऊक नव्हता.

लिंडा एकेन या मूळच्या परिचारिका, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ इस्पितळे घेतली. दहा हजारांवर परिचारिकांना विचारले, की तुमच्या पाळीत रोगी किती होते? दुसरीकडे शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २ लाख ३२ हजार रोग्यांच्या नोंदी पाहिल्या, आणि इस्पितळात आल्यापासून तीस दिवसांत कोण दगावले ते मोजले. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला : परिचारिकेमागे एक रोगी वाढला, की मृत्यूचा संभव ७ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. याचा अर्थ शंभरांत सात जादा मरतात असा नव्हे. मूळचा जो संभव असेल, त्यावर ७ टक्के. पण हे चक्रवाढ व्याजासारखे चढते. चाराऐवजी आठ रोगी दिले तर वाढ ३१ टक्क्यांची होते.

असे का व्हावे? शस्त्रक्रियेनंतर रोगी एकदम दगावत नाही. आधी श्वास जलद होतो, नाडी बदलते, माणूस थोडा बरळतो. हे प्रथम दिसते ते खाटेजवळ वारंवार जाणाऱ्या परिचारिकेला. तिला तिथे जायला सवडच नसेल, तर डॉक्टर कितीही हुशार असोत, त्यांना निरोप उशिरा पोचतो.

आता व्यवस्थापकांच्या बाजूनेही एक शंका घेऊ. जिथे परिचारिका जास्त, ती इस्पितळे मुळातच सधन नसतील कशावरून? एकेनबाईंनी इस्पितळाचा आकार, साधनसामग्री आणि रोग्यांची मूळ प्रकृती यांचा हिशेब वजा केला होता. तरी शंका उरतेच. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे उदाहरण मला मोलाचे वाटते. तिथे २०१६ साली कायद्याने २७ सरकारी इस्पितळांत प्रमाण ठरवले : दिवसा एकीकडे सरासरी चार रोगी, रात्री सात. बाकीची इस्पितळे तशीच राहिली, त्यामुळे तुलना करता आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रमाण पाळणाऱ्या इस्पितळांत मृत्यूचा संभव इतरांच्या मानाने घटलेला आढळला. शिवाय जादा परिचारिकांवर जो खर्च झाला, त्याच्या दुपटीहून अधिक वाचला, कारण रोगी लवकर घरी गेले आणि पुन्हा भरती कमी झाले. कॅलिफोर्नियात तर १९९९ सालीच असा कायदा झाला होता. त्यासाठी तिथल्या परिचारिकांच्या संघटनेने जोर लावला होता, हे मी अभिमानाने सांगतो.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने साधारण इस्पितळासाठी पाच रोग्यांमागे एक, आणि शिक्षण देणाऱ्या इस्पितळासाठी तिघांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. आणि त्या वॉर्डात बारा-तेरा! इनचार्ज सिस्टरवर जबाबदारी सगळी, पण "आता नवा रोगी घेऊ नका" किंवा "आणखी एक बाई पाठवा" म्हणण्याचा अधिकार नाही.

पुढे मी त्यांना परदेशातले आकडे वाचून दाखवले, तेव्हा एक सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, ते तिकडचे झाले. आपले आपण लिहू या." आता त्या वही ठेवतात. रोग्याचे नाव नाही. फक्त पाळी, रोग्यांची संख्या, रक्तदाब किती वाजता घ्यायचा होता आणि प्रत्यक्ष किती वाजता घेतला. याला संशोधन म्हणता येणार नाही. एकच वॉर्ड, तुलनेला दुसरा नाही. शेजारच्या वॉर्डातल्या बायकांनीही तसेच लिहावे, म्हणून बोलणे चालू आहे. त्यांतल्या दोघी भितात, आणि त्यांची भीती खोटी नाही.