‘पोरांनाच काम नको असतं’: एक हट्टी गैरसमज

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत, अगदी दहाव्याला जमलेल्या नातेवाइकांतही हे वाक्य कानावर पडतं : “पुण्यात कामाला तोटा नाही हो, आजकालच्या पोरांनाच काम नको असतं.” बोलणारे काका-मामा वाईट मनाचे नसतात. त्यांच्या काळात ते कुठेतरी चिकटले, हप्ते फेडले, घर उभं केलं. पण वाक्य चुकीचं आहे, आणि ते सहन करावं लागतं पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलाला. म्हणून ते एकदा नीट तपासू.

२०२४ची पोलीस भरती घ्या. राज्यात जागा होत्या १७,४७१ आणि अर्ज आले पावणेअठरा लाखांच्या आसपास. त्याआधीच्या वर्षी तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. शिपायाची नोकरी म्हणजे खुर्चीतला आराम नव्हे. सणासुदीचा बंदोबस्त, रात्रपाळी, उन्हातान्हात उभं राहणं. त्यासाठी ही मुलं पहाटे उठून मैदानावर धावतात. यांना काम नको आहे? शिपायाच्या एका जागेमागे शंभर जण, तलाठ्याच्या एका जागेमागे सव्वादोनशे. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी जागा एकच राहणार आणि बाकीचे बाहेरच राहणार. हा हिशेब चौथीतल्या मुलाला कळतो, आपल्याला का कळू नये?

“मग खासगीत जा,” असं यावर सांगितलं जातं. मुलं तिथेही जातात. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. एका बड्या कंपनीने २०२२च्या तुकडीतल्या सुमारे दोन हजार अभियंत्यांना ऑफर लेटर दिली, पण दोन वर्षं उलटली तरी रुजू करून घेतलं नाही, अशी ती तक्रार होती. हातात ऑफर लेटर असलेला मुलगा कागदोपत्री नोकरीचा आणि घरच्यांच्या नजरेत रिकामटेकडा.

आता या गैरसमजाच्या मुळाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि ‘इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट’ यांच्या २०२४च्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत फक्त ३.४ टक्के. हे आकडे बघून लोक लगेच म्हणतात, “बघा, न शिकलेला मिळेल ते करतो, शिकलेला लाजतो.” अर्थ तसा नाही. मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाला आज काम मिळालं नाही तर रात्री चूल पेटत नाही, त्यामुळे थांबणं त्याला परवडतच नाही. पदवीधराच्या घरी निदान वर्ष-दोन वर्षं पोसण्याची ताकद असते आणि शिक्षणावर घातलेले पैसे वसूल व्हावेत ही अपेक्षाही असते. म्हणून तो शोधत राहतो, आणि जो शोधत राहतो तोच सर्वेक्षणात बेरोजगार म्हणून मोजला जातो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालात हे स्वच्छ दिसतं : पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर, पस्तिशीपुढे पाच टक्क्यांच्याही खाली. आळशी माणूस वय वाढलं म्हणून कामसू होत नाही. बहुतेक जण शेवटी काहीतरी पत्करतात. ते काम शिक्षणाला साजेसं असतं की नाही, हे या आकड्यात दिसत नाही.

“पण देशात बेरोजगारी तीनच टक्के आहे ना?” हो, २०२२-२३च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात ३.२ टक्के. पण या मोजणीत वर्षातून तीसेक दिवस दुय्यम काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो, मग ते घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी का असेना. शिवाय त्याच सर्वेक्षणात सर्व वयांच्या पदवीधरांचा आकडा १३.४ टक्के आहे. तो मात्र कोणी सांगत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“मुलींना काय, त्यांना नोकरीची गरजच नसते.” वरच्या भारत रोजगार अहवालातच तरुण पदवीधर मुलींची बेरोजगारी ३४.५ टक्के आहे, मुलांची २६.४. गरज नसती तर त्यांनी नोकरी शोधली नसती.

“सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून वर्षं काढतात.” काही वर्षं परीक्षाच खातात. राज्यसेवेची एप्रिल २०२०ची पूर्वपरीक्षा कोरोनामुळे आणि नंतरच्या तारीख-बदलांमुळे २१ मार्च २०२१ला झाली. त्याआधी ती ऐन तोंडावर पुन्हा पुढे ढकलल्यावर मुलं पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरली होती.

“सरकारी नोकरीचं नुसतं वेड आहे.” देशातल्या पगारदारांपैकी निम्म्याहून अधिक लोकांकडे नोकरीचा लेखी करारही नाही. ज्याला सुरक्षितता हवी आहे तो वेडा नसतो.

“थोडे पैसे भरले की काम होतं.” खरा मालक अनामत मागत नाही. मागितली की उठून या.

आणि एक गैरसमज घरातला : “दिवसभर रिकामा आहेस, मग अभ्यास का होत नाही?” ऑस्ट्रियातल्या मारियेंथाल गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळच वेळ असूनही आणि वाचनालयाची फी माफ होऊनही लोकांनी घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. पुरुषांची रस्त्यातून चालण्याची गतीसुद्धा मंदावली होती. बेकारी माणसाची उमेद खाते, त्यामुळे पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला पान पुढे सरकवता येत नसेल, तर ती नाटकं नाहीत.

तेव्हा घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर “अजून काहीच नाही का?” हा प्रश्न सोडा. ओळखीच्या कारखान्यात, कार्यालयात जागा निघाली असेल तर तिची माहिती द्या, मुलाखतीला जायला गाडीभाडं द्या. तो बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, तर १४४१६ या ‘टेली-मानस’ मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या मोफत क्रमांकावर फोन करा, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.