घासलेली पुंगळी

पेनसिल्वेनियात नोव्हेंबर संपता संपता रायफलनं हरणांची शिकार करण्याचा मोसम उघडतो. त्याच्या महिना-दीड महिना आधीपासून आमच्या शेजारच्या गॅरेजमधून संध्याकाळी एक घरघर ऐकू येऊ लागते. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. इथे नव्यानं राहायला आलो त्या वर्षी मी एकदा न राहवून डोकावले. टेबलावर परातीएवढं प्लास्टिकचं भांडं थरथरत होतं. शेजाऱ्यांनी यंत्र थांबवून झाकण उचललं. आत तपकिरी भरडा होता आणि त्यातून पितळेच्या पुंगळ्या अर्ध्या वर आलेल्या. त्यांनी एक काढून, पुसून माझ्या तळहातावर ठेवली. ती कोमट होती आणि तिचा रंग थेट आमच्या देवघरातल्या समईचा होता.

शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत. सारी नोकरी टूलरूममध्ये गेली. हजारांश इंचाखेरीज मोजमाप त्यांना मोजमाप वाटत नाही. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ते जपून आणतात, साफ करतात, मूळ मापावर दाबून घेतात आणि पुन्हा भरतात. अमेरिकेत हे काम घरी करणारे असंख्य लोक आहेत आणि इथल्या कायद्याला ते मान्य आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. म्हणून हा उद्योग आपल्याला अगदी अनोळखी. त्यातलं घासण्याचं काम मात्र आपल्याला पिढ्यान् पिढ्या ओळखीचं आहे, आणि मी त्यात रमले ती त्याच्यामुळेच.

‘काडतूस’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्याचे भाग चार. पुढची गोळी, आतली दारू, बुडाशी बसवलेली टिकली, आणि हे सगळं पोटात घेणारी पुंगळी. यातली टिकली म्हणजे दिवाळीत खेळण्यातल्या पिस्तुलात फोडतात त्या टिकलीची थोरली बहीण. इथे तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढला की टिकली फुटते, दारू पेटते, गोळी जाते. उरते ती पुंगळी, आणि चौघांत सगळ्यात महागही तीच. तिचं वर्णन करायला मराठी फार सोयीची आहे, कारण तिला बूड आहे, अंग आहे, खांदा आहे, मान आहे आणि तोंड आहे.

तिचं पितळही ठरलेलं असतं. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. शेजाऱ्यांची रायफल .३०-०६ची. त्यातलं ०६ म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्यानं हे काडतूस स्वीकारलं ते साल. बार उडतो तेव्हा आतला दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो. त्या क्षणी पुंगळी फुगून बंदुकीच्या पोलादी भिंतीला चिकटते आणि गरम वायूला मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे यायची वाट बंद करते. दाब ओसरला की ती किंचित आकसते, म्हणून तर बाहेर निघू शकते. फुगायचं, पण फाटायचं नाही, आणि लगेच आवरतं घ्यायचं. पितळासारखा धातू हे निमूट करतो. पण दर वेळी थोडा कडक होतो, आणि कधीतरी मानेशी चिरतो.

ती चीर वेळेवर दिसावी यासाठी हे सगळं घासकाम आहे. लखलखाट पाहून मी पहिल्यांदा कौतुक केलं तेव्हा शेजारी म्हणाले, “चमक राहू दे. नखानं मान चाचपून बघ.” काजळी धरलेल्या पुंगळीवर केसाएवढी भेग दिसत नाही. स्वच्छ पुंगळीवर ती काळ्या धाग्यासारखी उठून दिसते. बुडाच्या थोडं वर, अंगाभोवती एखादी फिकट चकाकती रेघ असली तर ते त्याहून वाईट लक्षण. तिथे पितळ आतून ताणून पातळ झालेलं असतं आणि पुढच्या एखाद्या बाराला बूड सुटून येऊ शकतं. शेजारी एक पेपर क्लिप सरळ करतात, तिचं टोक वाकवतात आणि तोंडातून आत घालून भिंतीवरून ओढतात. टोक खाचेत अडकलं की पुंगळी बाद. घासण्याचं दुसरं कारण साधं आहे. वाळूचा एक कण राहिला तरी पुंगळी मापावर आणणाऱ्या पोलादी साच्याला ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा मग पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटत राहतो.

पूर्वी हे काम याहून निकडीचं होतं. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन राख होऊन मागे राहतो. त्या राखेतले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि पितळ खातात. १८७०च्या दशकात गवताळ मैदानांवर बायसनची कत्तल करणारे शिकारी रात्री शेकोटीशी बसून दिवसभराच्या पुंगळ्या धूत आणि पुन्हा भरत. १८८४ साली जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ ही कंपनी काढली आणि सांडशीसारखं हातात मावणारं अवजार विकायला आणलं. काडतूस भरण्याची बरीच कामं त्या एका सांडशीत होत. त्यानंतर हा उद्योग शेतावरच्या घराघरांत पोचला.

तो अमेरिकेतच एवढा का रुजला, याचं एक कारण पुंगळीच्या बुडात सापडतं. टिकली बसवण्याच्या दोन रीती १८६०च्या दशकात पुढे आल्या. एक ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डन यांची. बॉक्सर यांच्या रीतीत बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे तोंडातून सरळ सुई घातली की जुनी टिकली बाहेर पडते. बर्डन यांच्या रीतीत भोकं बहुधा दोन आणि मधोमध उंचवटा, त्यामुळे टिकली खरवडून काढावी लागते. पुढे इंग्रजाची रीत अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात. सुई सरळ जाते म्हणून इथली पुंगळी पुन्हा पुन्हा वापरात येते. .२२च्या बारीक काडतुसात तर वेगळी टिकलीच नसते. फुटणारं मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेलं असतं आणि घोडा ती कड चेपतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच .२२वर. त्यांच्या पुंगळ्या कितीही जपल्या तरी कुणाला भरता यायच्या नाहीत.

आता यंत्राकडे. टेबलावरच्या थरथरत्या भांड्याखाली एक मोटर असते आणि तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड केलेलं वजन. ते फिरलं की सगळं भांडं हादरतं. भरडा दोन प्रकारचा. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा टोकदार असतो आणि मळ खरवडतो. दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा मऊ असतो आणि चमक आणतो. माझी आजी भांडी राखेनं घासून मग कोरड्या फडक्यानं पुसायची, तसेच हे दोन हात. दोन-चार तासांत काम होतं, मात्र आत डोकावलं तर पुंगळीचं पोट काळंच राहिलेलं दिसतं.

दुसरं यंत्र ओलं. दगडगोटे गुळगुळीत करण्याचा छंद असलेले लोक जे आडवं फिरणारं पिंप वापरतात, तेच. त्यात पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि स्टेनलेस स्टीलच्या तारेचे बारीक तुकडे घालतात. तुकडे तांदळाच्या दाण्याहून बारीक, ओंजळीत घेतले तर पाण्यासारखे निसटतात. टिकल्या आधी काढून घेतलेल्या असल्या तर ते बुडाच्या खळग्यात आणि भोकातही शिरतात. दोन तासांनी झाकण काढलं की पाणी शाईसारखं काळं आणि पुंगळ्या आतून-बाहेरून नव्या. मग वैतागाचं काम. प्रत्येक पुंगळी उलटी करून तारा झटकायच्या, भोकात अडकलेली एखादी तार चिमट्यानं ओढायची, आणि सगळा माल पूर्ण सुकवायचा. थेंबभर पाणी राहिलं तरी पुढची सगळी मेहनत फुकट. सुकल्यावर शेजारी त्या थोडा वेळ मक्याच्या भरड्यात फिरवतात. अति स्वच्छ मानेत गोळी अडखळत बसते, किंचित बुळबुळीतपणा हवा असतो, असं ते सांगतात. माझी आवड विचाराल तर ओलं यंत्र. त्यातून निघालेली पुंगळी उजेडाकडे धरून आत पाहिलं की बुडातलं भोक लहानशा ताऱ्यासारखं दिसतं.

लिंबूसत्त्वावरून माझ्या हातून एकदा नुकसान झालं. मी खडकीत वाढले. आमच्या मोरीत दर सणाच्या आदल्या दिवशी चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी घेऊन आजी बसायची, आणि ताम्हण, पळी, तांब्या, समई तिच्या हाताखालून उजळून जायची. चिंच, आमसूल, लिंबू सगळी आंबटच. धातूवर चढलेला काळपटपणा आंबट पदार्थात विरघळतो आणि खालचं पितळ वर येतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून शेजाऱ्यांना मी आढ्यतेनं म्हटलं की यंत्र कशाला हवं, माझ्याकडे द्या. बादलीत लिंबूसत्त्व सढळ हातानं घातलं, चाळीस पुंगळ्या बुडवल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी त्या गुलाबी झाल्या होत्या. आंबटानं पितळातलं जस्त ओढून घेतलं होतं आणि पृष्ठभागावर नुसतं तांबं उरलं होतं. शेजारी रागावले नाहीत, पण चाळीसही बाजूला ठेवल्या. कुठवर खाल्लंय ते वरून कळत नाही, म्हणाले. आजी कोळ लावून लगेच खळखळून धुवायची. त्या घाईचं कारण मला पन्नाशीत, दुसऱ्या खंडात कळलं.

आंबटाहून घातक म्हणजे अमोनिया, आणि ती हकिकत तर आपल्याच पावसाळ्यातली आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांना एक कोडं पडलं होतं. पितळी काडतुसं, एकदाही न झाडलेली, पावसाळ्यात नुसती ठेवल्या ठेवल्या चिरत होती. भेगा दिसत त्या गोळीच्या बाजूला, जिथे पुंगळी आवळलेली असते. काडतुसं बऱ्याचदा घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत. तिथे घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि पावसाळी हवेत ओल भरलेली असते. आवळताना पितळात ताण राहून गेलेला असतो. अमोनिया तांब्याला विरघळवत धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांत शिरतो आणि आतला ताण ती फट उसवत नेतो. बारावीच्या प्रात्यक्षिकात तांब्याच्या क्षारावर अमोनिया टाकल्यावर परीक्षानळीत गडद निळा रंग उतरायचा, ती हीच ओढ. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली याचा उलगडा प्रसिद्ध केला. इंग्रजीत या चिरण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा, असं सांगितलं जातं. उपाय आचेचा निघाला. पुंगळी बेतानं तापवली की तिच्यातला ताण सैल होतो.

हे ऐकलं तेव्हा मला खडकीचा दारूगोळा कारखाना आठवला. तो १८६९चा. आमच्या आळीतली निम्मी माणसं तिथे कामाला होती. पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल यायची, कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर बुरशी धरायची. त्या हवेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एखादा शिपाई पेटी उघडून चिरलेली काडतुसं निवडत बसला असेल, असं चित्र तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेजाऱ्यांच्या टेबलावर आजही नियम आहे की अमोनिया असलेलं पितळ-पॉलिश पुंगळीला लावायचं नाही. किती लवकर आणि किती सुंदर चमकतं याला महत्त्व नाही. समईला ते चालतं, कारण समईच्या पोटात ६०,००० पौंडांचा दाब येत नाही.

त्या आचेची खूणही त्यांनी दाखवली. मिसुरीतल्या लेक सिटी या लष्करी कारखान्याची एक पुंगळी होती, बुडावर ‘एलसी’ आणि सालाचे दोन आकडे. तिच्या मानेवर आणि खांद्यावर निळसर-जांभळी झाक, शिजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. मान तापवून मऊ केल्याचा तो डाग. बाजारात विकायच्या पुंगळ्यांवरचा डाग बहुतेक कारखानदार पुसून काढतात, लष्कर तो राहू देतं. मला ती डागाळलेलीच जास्त देखणी वाटली. भरड्यात फिरवल्यावर डाग फिका होईल म्हणून थोडी हळहळलेही.

एक गोष्ट या छंदात हलक्यानं घेऊन चालत नाही, ती म्हणजे शिसं. टिकलीच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं. ते जळून पुंगळीच्या पोटात बसतं आणि कोरड्या भरड्यात धूळ होऊन उडतं. काही वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या रक्ततपासणीत शिसं वाढलेलं आढळलं. तेव्हापासून ते भरडा चाळायचं काम अंगणात, तोंडाला मास्क लावून करतात, यंत्राचं झाकण चालू असताना उघडत नाहीत, आणि भरड्यात कपड्यांच्या ड्रायरमधल्या फडक्याची पट्टी टाकतात, धूळ तिला चिकटते. काळं पाणी डब्यात साठवून घातक कचऱ्यात देतात. नातवंडं आली की गॅरेजला कुलूप. स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामाला वापरायचं नाही, वापरलं तर परत आत न्यायचं नाही. मला आधी हे अति वाटायचं. आता मीही हातमोजे घालते, आणि घरी येऊन आधी गार पाण्यानं, साबण लावून हात धुते.

परवा या मोसमातला शेवटचा घाणा निघाला. टेबलावर जुनी चादर अंथरून पुंगळ्या पसरल्या होत्या. आम्ही दोघं समोरासमोर बसून एकेक उचलत होतो. मान, खांदा, अंग, बूड, खळगा. माझ्या वाट्याच्या ढिगात एक सापडली. तोंडापासून खाली अर्धा इंच गेलेली चीर, नखाला लागेल न लागेल अशी. शेजाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांशी धरली, मान हलवली आणि पकडीनं तिचं तोंड चेपून टाकलं, पुन्हा कुणाच्या हातून भरली जाऊ नये म्हणून. मग ती कॉफीच्या जुन्या डब्यात टाकली. डबा भरला की ते तो भंगारवाल्याकडे पौंडावर घालतात. बुडाशी भोक पडलेला तांब्या आजी अशीच मोडीत द्यायची, आणि त्याआधी तो एकदा चिंच लावून घासायची.