बुडवलेलं काढायचं कोणी?

2025च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लॅस्टरच्या गणेशमूर्ती घडवण्या-विकण्याची वाट मोकळी केली. जुलैमध्ये सहा फुटांवरच्या मूर्ती मार्च 2026 पर्यंत नैसर्गिक पाण्यात सोडण्याची मुभाही मिळाली. पेणच्या कारखानदारांचा जीव भांड्यात पडला. त्यांची पोटं त्यावर आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण रसायनीजवळच्या मोहोपाड्यात ती बातमी वाचताना मला आमच्या पाताळगंगा नदीचा तळ दिसत होता.

साठच्या दशकात एचओसी ही रसायन कंपनी आली, रसायनी वसली, वसाहतीत गणपती बसू लागले. मूर्ती शाडूची, हातभर उंचीची. रात्री बुडवली की माती मातीला मिळे. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, कारण नदीत काही उरतच नव्हतं.

नव्वदचं दशक मात्र मी काठावर उभं राहून पाहिलं. मंडळं वाढली, चुरस वाढली, मूर्ती माणसापेक्षा उंच झाल्या. प्लॅस्टर हलकं, स्वस्त, आणि पाण्यात महिनोन्महिने टिकणारं. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे आमची नदी बारमाही वाहते. तरी पावसाळा सरून पाणी उतरलं की गाळातून मुकुट, तुटलेला हात, सोंडेचं टोक वर येई. कातकरी पोरांची जाळी आतल्या सळ्यांना अडकून फाटत. भरपाई कोणी दिली नाही.

बाहेर काढायलाही तीच पोरं. प्लॅस्टरची मूर्ती आतून पोकळ. पाण्यात ती गाळाने भरते आणि बुडवताना चौघांनी उचललेली काढताना दहा जणांना हलत नाही. पायाने चाचपायचं, बुडी मारून पाटाखालून दोर घालायचा, कलती करून पोटातला गाळ सांडू द्यायचा, मग ओढायचं. घाई केली की मान तुटते आणि दोर रिकामा येतो. एका मंडळाने या कामाची ठरलेली मजुरीसुद्धा बुडवली. त्याचे पुढारी ‘नदी नेईल’ म्हणत पुढच्या वर्षीची उंची ठरवत बसले होते. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे 2010मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली, मे 2020मध्ये ती कडक झाली. गावोगाव कृत्रिम हौद आले, निर्माल्यासाठी कलश आले. वाटलं, आता नदीचा तळ मोकळा होईल. ती आशा 2025ने मोडली.

बुडालेलं कोणी काढायचं, हे दुसरीकडे ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात गोठलेल्या तळ्यांवर मासेमारीसाठी लाकडी खोपटी उभारतात. रात्रभर बर्फावर ठेवायचं तर खोपट्यावर मालकाचं नाव-पत्ता किंवा ओळखक्रमांक लिहावा लागतो आणि मार्चमधल्या ठरल्या तारखेआधी ते हलवावं लागतं. बर्फ फुटून खोपटं तळाला गेलं, तर बाहेर काढण्याची जबाबदारी मालकाची. तिथे कोणी ‘तळं नेईल’ म्हणत नाही.

आमच्याकडे मंडळाचं नाव कमानीवर असतं, पावतीपुस्तकावर असतं, फक्त पाटावर नसतं. मोठी मूर्ती नदीत सोडायचीच असेल, तर मंडळांनी पाटावर आपलं नाव कोरावं, वर्गणीतून काढण्याची मजुरी आधीच बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजवणाऱ्या सगळ्यांनी दोर घेऊन पाताळगंगेवर यावं.